गाडी बंद न करणारी माणसं

आमच्या दारात येणारा माणूस गाडी बंद करत न्हाई. मोटरसायकल फाटकाशी उभी, इंजिन धडधडतंय, आन् तिथूनच हाक, "सोनाजी हाये का?" मग आमचे मालक काही न विचारता खुंटीवरचा दोर घेतेत आन् मागं बसून जातेत. ज्याच्या विहिरीत माणूस बुडालं, त्याला उतरून बसायला सवड कुठली!

मालक बुडालेली माणसं काढतेत. आमच्या हट्टा गावाच्या आसपास कुठंबी कोणी बुडालं की यांनाच बोलावणं. तशी आमची हळदीची शेती हाये, पण शेतकरी म्हणून यांना कोणी ओळखत न्हाई. या कामाचं ते काही घेत न्हाईत, नारळसुद्धा न्हाई. परत आले की मी फाटकात लिंबाचा पाला टाकलेली घागर घेऊन उभी राहते. "आलात का?" म्हणते, अंगावर पाणी ओतते, मगच घरात घेते.

लोक वाईट न्हाईत बरं. पण ज्याचं माणूस यांनी वर आणलं, त्याला यांचं तोंड पाहिलं की तोच दिवस आठवतो. म्हणून लग्नाची पत्रिका आमच्याकडं दुसऱ्याच्या हातून येती. हळदीला मी गेले की बाया सरकून जागा देतेत, जरा जास्तच देतेत. मला काय समजत न्हाई का?

म्हणून आमच्या कोमलला औंढ्याकडचं स्थळ आलं तवा मी तोंड शिवून घेतलं. "शेती करतेत," एवढंच सांगितलं. पोरगा भागवत, शांत, कामाचा. त्याचा बाप उकंडराव मात्र करडा माणूस. मिशीवर हात फिरवत घराकडं असा बघत होता, जसं काही बैल घ्यायला आलाय. पण पोहे खाल्ले, पसंती दिली. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटायची होती. तेवढ्यात एक सर आले.

आले आन् त्यांनी गाडी बंद केली. चपला काढल्या, बाजेवर बसले, वर म्हणतेत, "शालूताई, चहा चालेल."

आता तुमीच सांगा, संशय येणार न्हाई का?

धम्मदीप सर त्यांचं नाव. कोमलच्या कॉलेजातले. म्हणाले, "आमच्याकडं दरवर्षी कार्यक्रम असतो. निरनिराळ्या धंद्यातली माणसं येतात, आपलं काम सांगतात, पोरांना नवे विचार सुचतात. यंदा सोनाजीभाऊंनी यावं."

"विकायचं काय हाये?" मी विचारलं.

मागं एकदा वसमतला असंच फुकटचा चहा पाजून बायांना हॉलात बसवलं होतं, आन् शेवटी चुंबकाच्या गाद्या निघाल्या. तवापासून कोणी गोड बोललं की मी आधी गादी शोधते.

सर हसले. काही विकायचं न्हाई म्हणाले. मी म्हणलं, "मग यांचं नाव कोणी दिलं?"

त्यांनी कपात बघितलं. "ते सांगायचं नाही असं ठरलंय."

झालं! माझी खात्रीच पटली. हे काम मिनाचं. मिना माझी जाऊ. तिच्या पोरीचं जमेना, आन् माझ्या पोरीचं जमलेलं तिला बघवेना. यांना चारचौघांत उभं करायचं, औंढ्यापर्यंत बोभाटा करायचा, की मोडली सोयरीक.

"तुमी जायचं न्हाई," सर गेल्याबरोबर मी म्हणलं.

"जातो," मालक म्हणाले.

"काहून? पोरीच्या लग्नाचं तुमाला काहीच न्हाई का?"

"आजवर गाडी बंद करून मला बोलवायला कोणी आलं न्हाई, शालू."

माझा जीव जळत होता, तो मिनाच्या दारात जाऊन मोकळा केला. तिनं लेकराची शपथ घेतली. मला पटलं न्हाई. मिना शपथ घ्यायला कधी मागं सरत न्हाई.

मग कॉलेजचं बॅनर लागलं. त्यावर यांचा फोटो आन् खाली 'जलयोद्धा सोनाजी'. योद्धा म्हणे! घरात उंदीर निघाला की मलाच हाक मारतेत. हसू आलं खरं, पण त्या बॅनरखालून औंढ्याची बस जाते हे लक्षात आलं आन् हसू जिरलं.

कार्यक्रमाला मी गेले ती राखण करायला. सभागृह भरलेलं. एसटी चालवणारी एक बाई बोलली, ड्रोननं फवारणी करणारं पोरगं बोललं, हळद परदेशात धाडणारा एक व्यापारी बोलला. सगळ्यांचं एकच, धंदा कसा वाढवला. पोरं टाळ्या वाजवत होती. माझं टाळ्यांकडं ध्यान नव्हतं, मी मिनाला हुडकत होते.

मिना न्हाई दिसली. दुसऱ्या रांगेत उकंडराव दिसला. बाजूला भागवत.

"मेले!" मी कोमलचा हात धरला. "हे कसे आले गं इथं?"

"मीच बोलावलं," पोरगी म्हणाली. "आन् बाबांचं नावबी मीच दिलं."

मी तिला असा चिमटा काढला की दुसरी असती तर ओरडली असती. ती हलली न्हाई. "आई, लपवून गेले तर त्या घरात जन्मभर बापाचं नाव गिळून बसू का? आन् माझ्या सासरी बाबा कधी यायचे? कोणी विहिरीत पडल्यावर?"

तेवढ्यात यांचं नाव पुकारलं.

मालक माईकपुढं उभे राहिले. माईक आधी वर केला, मग खाली केला. पोरं खुसखुसायला लागली.

"मला बोलता येत न्हाई," शेवटी म्हणाले. "माझं काम तळाला असतंय, तिथं बोलायचं काम न्हाई. वर आलो की सगळे एकच विचारतेत, 'सापडला का?' त्यांचं बराबर हाये, ज्याचं जातं त्याला दुसरं काय सुचणार. पण 'आलास का?' असं फक्त आमची शालू विचारती. म्हणून मी वर येतो."

माझ्याकडं लोक बघायला लागले. पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका निघालाच. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस घरी कधी असं बोलला न्हाई, आन् माईक मिळाल्यावर बोलतो!

"सगळ्यांनी धंदा वाढवायचं सांगितलं," ते म्हणाले. "माझा बंद पडावा. तुमच्या-तुमच्या विहिरींना कठडे बांधा. मी हळद बघीन."

एवढं बोलून खाली आले. टाळ्या वाजत होत्या, आन् उकंडराव उठला. शाल-श्रीफळ व्हायच्या आधीच, मान खाली घालून दाराबाहेर गेला. भागवतनं एकदा कोमलकडं बघितलं आन् बापाच्या मागं गेला.

घरी येईपर्यंत मी पोरीशी बोलले न्हाई. घरी आल्यावर मात्र बोलले, सगळं बोलले. "मोडलीस ना तुझ्या हातानं! बस आता बापाची भाषणं ऐकत!" ती भाकरी थापत राहिली. मालक दोर गुंडाळत बसले. कोणी नीट जेवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मोटरसायकल आली. इंजिन धडधडतंय. तिथूनच हाक, "सोनाजी हायेत का?"

मी बाहेर येऊन पाहिलं तर उकंडराव. सीटवरून उतरला न्हाई, हँडल सोडलं न्हाई. समजलं मी. सोयरीक मोडायला कोण बाजेवर बसतं? दारातून सांगायचं आन् जायचं. कोमल माझ्यामागं येऊन उभी राहिली.

मालकांनी सवयीनं खुंटीवरचा दोर काढला आन् बाहेर आले. "कोण पडलं?"

उकंडरावानं त्या दोराकडं बघितलं. डोळे लाल होते त्याचे. काल मान खाली घालून उठून गेला तवाही असेच असतील, मला काय दिसलं होतं?

"कोणी न्हाई पडलं, व्याही," तो म्हणाला. "माझ्या विहिरीला कठडा न्हाई. काल तिथून उठलो तो थेट गवंड्याला सांगून आलो. लग्नाला लेकरं-बाळं येतील, किती उंच घ्यावा ते तुमी येऊन सांगा."

मालकांच्या हातातला दोर तसाच लोंबत राहिला.

मग उकंडरावानं चावी फिरवली. गाडी बंद झाली. चपला काढून तो बाजेवर बसला आन् म्हणाला, "विहिणबाई, चहा ठेवा."

मी चुलीकडं पळाले. साखर घालताना डोळे पुसत होते, पण कान मात्र फाटकाकडं होता, परत गाडी चालू तर करत न्हाई ना म्हणून.