मार्थाला ताप कुठं आला होता

मार्थाच्या नवऱ्याचा, दानिएलचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर बाराखडी लिहीत होते. "ताई, मार्था गेली," एवढंच तो म्हणाला. मागं सोलापूरच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता… नंतर भेटायला येणारे म्हणायचे, तापाचं निमित्त झालं. मला तो शब्द ऐकवत नाही. निमित्त कसलं? मलेरिया होता, आणि तो वेळेत ओळखू दिला गेला नाही.

नळदुर्गच्या आमच्या शाळेत मार्था पहिलीला शिकवायची, मी दुसरीला. मधे पातळ भिंत. तिच्या वर्गात गाणं सुरू झालं की माझी पोरं पाटी सोडून ताल धरायची. मी कुरकुरले की पलीकडून आवाज यायचा, "तुझी बी दे की पाठवून इकडं." रविवारी चर्चमध्येही तिच्याभोवती पोरंच. त्यामुळं तिच्या चर्चच्या मंडळीतून केनियातल्या एका खेड्यात मुलांचं शिबिर घ्यायला पथक निघालं, तेव्हा तिचं नाव सगळ्यांत आधी आलं. तोवर ती हैदराबादच्या पुढं गेलेली नव्हती. सामानात कपडे कमी, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या जास्त.

तिथून फोन यायचे. "भाषेवाचून काय अडत न्हाय गं, खोड्या सगळीकडं सारख्याच," म्हणायची. मग एक दिवस आवाज बदलला. चपला वाटताना पोरांना हात पुढं करून उभं केलं होतं, फोटोसाठी. एक मुलगी रडायला लागली तरी फोटो चालूच. मार्था मधे जाऊन उभी राहिली. "द्यायच्या तर द्या की. लेकराला ताटकळत कशापायी ठेवता?" पथकप्रमुखांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, की आपण इथं सेवेला आलोय, वाद घालायला नाही.

शिबिर संपत आलं तेव्हा तिला थंडी वाजून ताप भरला. तिच्यासाठी प्रार्थना झाली, एक गोळी मिळाली, आणि समारोपाला तिलाच उभं केलं. परतीच्या वाटेवर पथकप्रमुख तिला म्हणाले, "तिथं आजारी पडलात हे बोलत बसू नका. मग पुढच्या वर्षी कोण येईल?"

तिनं ऐकलं. परक्या पोरीच्या चपलांसाठी भांडणारी बाई स्वतःसाठी गप्प बसली. घरी आल्यावर ताप पुन्हा चढला, तेव्हा नळदुर्गच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठं प्रवास झालाय का? दानिएल बाहेर गोळ्या आणायला गेला होता. ही म्हणाली, नाही. का, तर पोरांचं शिबिर बंद पडेल म्हणून… हे तिनं दानिएलला सांगितलं ते सोलापुरात, हाताबाहेर गेल्यावर. मला तिचाही राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले आहे.

स्मरणसभेत प्रमुख बोलायला उठले. प्रभूनं आपल्या दासीला सेवेतूनच उचलून नेलं, म्हणाले. मी त्या मंडळीतली नाही, मागं शाळेच्या बायकांत बसले होते. उभी राहिले.

"देवावर ढकलू नका," मी म्हणाले. "डॉक्टरांपासून केनिया लपवायला तिला कुणी लावलं?"

"ही वेळ नव्हे, बाई," ते म्हणाले.

शेजारणीनं माझा पदर ओढला. पुढून दानिएल मागं न वळता म्हणाला, "बोलू द्या त्यांना."

मी सगळं बोलले. प्रमुख सभा संपायच्या आत निघून गेले. पुढच्या पथकाची तयारी चालू आहे असं ऐकते.

सध्या पहिलीचा वर्गही माझ्याकडं आहे. मार्थाची एक सवय होती. शाळा सुटली की ती दारात वाकून उभी राहायची आणि प्रत्येक पोर तिच्या कानात काहीतरी सांगून घरी जायचं. पोरं अजून थांबतात, म्हणून मीही वाकते. परवा एक मुलगी कानाशी आली.

"बाई, पोट दुखतंय."

"कधीपासून?"

"सकाळपासनं."

"मग सकाळीच का न्हाय सांगितलंस?"

माझा आवाज एवढा चढला की रांगेतली पोरं दचकली. तिचे डोळे भरून आले. मी खाली बसले, तिला जवळ ओढलं… आणि तिच्या आईला फोन लावला.