फाट्यावरची ओटी

आमच्याकडं रस्त्यानं बाई पळताना दिसली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर तिची बस हुकली, नाही तर घरी कुणाचं तरी बरंवाईट झालं. तिसरंही कारण असू शकतं हे आमच्या भागाला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले, आणि अजून सगळ्यांना पटलंय असं काही माझं म्हणणं नाही.

सकाळी फटफटायला मी कुरुंद्याच्या रस्त्याला लागले की मागून मोटारसायकल यायची आणि जवळ येऊन हळू व्हायची.

"मॅडम, बसा, सोडतो."

"नको दादा, मी पळून राहिले."

"ते दिसून राहिलं, पण काहून?"

या 'काहून'ला, म्हणजे कशासाठी पळता याला, मी नुसता हात हलवायची आणि पुढं निघायची. एका म्हाताऱ्या बाबांनी तर बैलगाडी थांबवून अगदी काकुळतीनं विचारलं होतं, "लेकरा, सासरी लई तकलीफ हाय का?" मी हसून नाही म्हणलं, तर त्यांना ते अजिबात खरं वाटलं नाही. गाडी बराच वेळ माझ्या मागं मागं येत राहिली.

मी शाळेत शिकवते. पळण्याचा नाद लागला तो शाळेतल्या मुलींमुळं. तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्यांना तयार करायचं होतं आणि पोरी काही केल्या मैदानाला दुसरा फेरा मारेनात. ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी चिडून मी साडीचा पदर खोचला आणि म्हणलं, चला, माझ्या मागं या. मुली मागंच राहिल्या आणि मीच आपली पळत सुटले. थांबले तेव्हा छाती धडधडत होती, पण डोकं इतकं रिकामं झालं होतं की त्यात घर नव्हतं, शाळा नव्हती, ऑनलाइन भरायची माहिती नव्हती, उद्याची भाजी नव्हती. चाळिशीला टेकलेल्या बाईला असं रिकामं डोकं कुठं मिळतं? मला ते पुन्हा पाहिजे होतं, बस, एवढंच.

मग नांदेडहून बूट आणले. आधी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधून पळायची. पुढं धीर करून ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घातला. फोनवर बघून बघून शिकले की रोज जीव खाऊन पळायचं नसतं, आठवड्यातनं एकदाच लांब पळायचं आणि बाकीचे दिवस आपलं सावकाश. सावकाश पळणं हे सगळ्यात अवघड काम आहे. माझ्यासारख्या तापट बाईला तर फारच, कारण हळू पळताना मनात साचलेलं सगळं वर येतं, आणि कुणावर तरी खेकसावं असं वाटलं तरी आजूबाजूला हळदीच्या वावराशिवाय कुणी नसतं. दोन-तीन महिन्यांनी घरातल्यांच्या लक्षात आलं की माझा आवाज खाली आलाय. माझ्या तोंडावर मात्र तसं कुणी म्हणलं नाही.

गावात बोलणं सुरू झालं. आमच्या ह्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. तिथं बसून लोकांनी ह्यांना चिडवायला सुरुवात केली. "काय मालक, वहिनी कुणाच्या मागं लागल्या? का तुमीच पळवून लावलं?" हे स्वभावानं गरीब. चार दिवस हसण्यावारी नेलं, पाचव्या दिवशी घरी येऊन फणफणले. तेव्हाच वसमतला काही डॉक्टर मंडळी एकवीस किलोमीटरची शर्यत भरवणार असल्याचं कळलं होतं आणि मी नाव दिलं होतं.

"हे बघ," हे म्हणाले, "ही एक होऊन जाऊ दे. टायमात पुरी केलीस तर खुशाल पळ, मी कुणाच्या बापाचं ऐकणार न्हाई. न्हाई झाली, तर बूट माळ्यावर. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणलं. रागात माणूस काय वाट्टेल ते मंजूर करतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच ओसरीवर लसूण सोलत होत्या. माझ्या पळण्याबद्दल त्या कधीच काही बोलल्या नव्हत्या. फक्त मी टी-शर्ट घालून बाहेर पडले की त्या मान वळवून देवघराकडं बघायच्या. मला ते शंभर टोमण्यांपेक्षा जास्त लागायचं.

शर्यतीची मर्यादा होती तीन तास. वसमतहून निघायचं, आमच्या गावाच्या फाट्यावरून पुढं जायचं, एका पेट्रोल पंपाला वळसा घालून त्याच रस्त्यानं परत यायचं. सगळ्यात मागं एक जीप येणार होती आणि ती ज्याला गाठेल त्याचा टाइम गेला असं समजून ती त्याला उचलून आणणार होती. माझा हिशोब घट्ट होता. बराबर पळाले तर थोडासा वेळ हातात राहत होता. उगीच थांबायला मात्र जागा नव्हती.

फेब्रुवारी होता. हळद शिजवण्याचे दिवस, सगळ्या शिवारात त्या वाफेचा वास. भरतीची तयारी करणारी पोरं शिट्टी वाजताच सुसाट निघून गेली. आम्ही चार-सहा बाया मागं राहिलो आणि थोड्या वेळानं मी एकटीच उरले. जाताना आमचा फाटा आला तेव्हा मी वेड्यासारखी मान वळवून वळवून बघितलं. घरचं कुणीच नव्हतं. चहाच्या टपरीवाल्यानं तेवढा हात केला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एक जाऊबाई तरी यावी की! मग मीच मनाला दटावलं, बये, तिकडं हळदीचे कुकर पेटलेत, वीस माणसांच्या भाकरी थापायच्यात, कोण येतंय तुझ्यासाठी?

पंपाला वळसा घातला. पाय जड व्हायला लागले होते, पण ठेका सुटला नव्हता. घड्याळ बघितलं, जमत होतं. जमतंय म्हणल्यावर अंगात असं काही बळ आलं की मी चक्क एकटीच मोठ्यानं बोलले, "ठेवा आता बूट माळ्यावर!"

आणि फाट्यावर बघते तर घोळका. आत्याबाई, दोन्ही जाऊबाया, शेजारच्या काकू, हळदीच्या कामावरून तशाच उठून आलेल्या बाया, सगळ्यांचे हात पिवळे धमक. आत्याबाईंच्या हातात ताट. सणासुदीचं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या. टपरीवर बसलेले सगळे बापे माना लांब करून बघत होते.

"थांब," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, आत्ता नाही, टाइम..."

"आगं दोन मिनिटं. बस बी थांबती की फाट्याला."

मी थांबायच्या आत थोरल्या जाऊबाईंनी तांब्या ओतला, दोन्ही पायांवर, भरभरून. "बूट, बूट!" मी ओरडले. "आसू दे, वाळतेत," काकू म्हणाल्या. थंडगार पाणी मोज्यात शिरलं. आत्याबाईंनी कुंकू लावलं, ते घामाबरोबर नाकावर ओघळलं. मग निरांजन लावायची. वारा सुटला होता, काडी विझायची, परत दुसरी. चार बायांनी पदरांचा आडोसा केला. मी सारखी घड्याळ बघत होते. रडू फुटतंय का शिवी, तेच कळेना. मी निघून जाऊ शकत होते, एक पाऊल बाजूला टाकलं असतं की झालं. पण आत्याबाई एका हातानं ताट सांभाळत डोक्यावरचा पदर सारखा पुढं ओढत होत्या. भर रस्त्यावर, बाप्यांच्या देखत असं उभं राहायची त्या बाईची ती पहिलीच वेळ असणार.

ओवाळून झालं. मी पाऊल उचललं, तर त्या म्हणाल्या, "पदर कर."

ओटी! ताटात नारळ, खण, गहू, हळकुंड, सुपारी, सगळं मांडून आणलेलं. आणि मी उभी टी-शर्टमध्ये.

"पदर कुठला आणू आत्याबाई?"

धाकटी जाऊ फिस्सकन हसली आणि तिनंच पुढं होऊन माझ्या टी-शर्टचं खालचं टोक धरून झोळी केली. छातीवर टाचण्यांनी लावलेला शर्यतीचा नंबर त्यात चुरगळला. त्यावर आत्याबाईंनी ओंजळीनं गहू घातले, एकदा, दोनदा, पाच वेळा. घाई नाही, गडबड नाही. ओटीला नको म्हणणारी बाई मी जन्मात बघितलेली नाही आणि मलाही ते जमलं नाही. खाली वाकून पाया पडले तेव्हा मांड्यांतून अशी कळ गेली की उठवेना.

"जा आता," त्या म्हणाल्या. "गहू सांडू नको."

जाऊबाईंनी सगळं खणात बांधून गाठोडं माझ्या कमरेला आवळलं. नारळ हातात. मागं बघितलं तर जीप आली होती. आतले गृहस्थ भले होते. "मॅडम, आता कव्हर नाही व्हायचं, बसा," म्हणाले. मी म्हणलं, "तुम्ही व्हा पुढं." ते बिचारे मुकाट्यानं माझ्या मागं मागं गाडी चालवत राहिले.

पुढचे किलोमीटर मी कसे काढले ते माझं मला माहीत. ओले मोजे टाचेला घासत होते, गाठोडं पोटावर आपटत होतं, नारळ या हातातून त्या हातात. कधी चालत, कधी पळत. आत्याबाईंचा असा राग येत होता की बोलायची सोय नाही. आणि पुढच्याच पावलाला ते हिरवं लुगडं डोळ्यांसमोर यायचं आणि मी नारळ छातीशी आणखी घट्ट धरायची. दोन्ही एकाच वेळी. असं मला आजवर कधी झालं नव्हतं.

पोचले तेव्हा शर्यत संपायच्या जागी उभारलेल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून टाकली होती. खुर्च्या एकावर एक चढवणं चालू होतं. आमचे हे मोटारसायकलला टेकून उभे. एका संयोजकांना दया आली. "राहू द्या मॅडम, पूर्ण केलंत ना, घ्या मेडल," म्हणाले. मी म्हणलं, "वेळेत आले नाही, तर नको." ह्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, आणि किक मारली. मी नारळ मांडीवर धरून मागं बसले.

घरी आत्याबाई दारातच बसल्या होत्या. "झालं का पुरं?"

"न्हाई," हे म्हणाले. "टायम गेला. गेट बंद झालं होतं."

"काहून? चांगली तर पळून राहिली होती."

मी म्हणलं, "पाय गळाले, आत्याबाई." आणि खाली बसून बूट काढायला लागले. मोजा निघेना. निघाला तेव्हा त्याच्याबरोबर टाचेची सालही निघाली आणि ओसरीवर पाण्याचा डाग पडला. आत्याबाई त्या पाण्याकडं बघत राहिल्या. बाई शाळेत गेलेली नाही, पण तिला सांगावं लागत नाही.

"आमी थांबवलं, म्हणून?"

धाकटी जाऊ खाली मान घालून आत गेली. हे सुद्धा गडबडले, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी पुरुषमाणूस, एकदा बोललेलं गिळायचं कसं? "हे बघ आई, जे झालं ते झालं. पण आमचं ठरलं होतं..."

"तुहं ठरलं आसंल," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मी त्यांना मुलाशी असं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. "मी चार बायांत, भर रस्त्यावर, तिची ओटी भरून तिला वाटंला लावली हाय. ओटी भरून लावलेल्या बाईला माघारी फिरवत्यात का कुठं? इचार तुह्या बापाला."

ह्यांनी बापाला विचारलं नाही. मोटारसायकलची किल्ली खिळ्याला अडकवली आणि परसात जाऊन तोंड धुवायला लागले, बराच वेळ.

आत्याबाईंनी खोबरेल तेल आणलं आणि माझा पाय मांडीवर ओढून घेतला. मी पाय मागं घ्यायला लागले, तर म्हणाल्या, "गप बस." मेडलपायी डोळ्यांत टिपूस आला नव्हता, तो तिथं बांध फुटला. लहान लेकरासारखी हुंदके देऊन रडले. त्यांनी रडू दिलं.

मग तेल लावता लावता त्यांनी विचारलं, "पुढली कवा हाय?"

"नांदेडला आहे एक. उन्हाळ्याच्या आधी."

"मला घेऊन चल. ताट न्हाई आनत, तांब्या न्हाई आनत," त्या म्हणाल्या. "कडंला नुस्ती उभी ऱ्हाते."