पाण्याला फ्रेंचमध्ये ‘ओ’ म्हणतात

पवनीजवळच्या कोंढा गावात माझी धानाची गिरणी आहे. गिरणीवर येणारा प्रत्येक माणूस मला हल्ली एकच विचारतो, “काहून भाऊ, हे फ्रेंच कायले शिकून राहिले?”

मी प्रत्येकाला वेगळं कारण देतो. एकाला सांगितलं, तिकडे तांदूळ पाठवायचा आहे. दुसऱ्याला सांगितलं, पन्नाशीनंतर डोकं गंजतं, म्हणून नवीन भाषा शिकावी. तो पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, “गंजाले आधी लोखंड लागते ना भाऊ.”

मोटार सुरू असली की मोबाईलमधल्या शिकवणाऱ्या बाईचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्यामागून शब्द ओरडून म्हणतो. फ्रेंचमधला ‘र’ घशाच्या तळातून काढावा लागतो. पहिल्या आठवड्यात मायनं मला रोज संध्याकाळी हळद घातलेलं दूध दिलं. खोकला काही जाईना, तेव्हा कुठे तिला सांगितलं की हा अभ्यास आहे.

खरं कारण मात्र तिचंच होतं.

माझा लहाना भाऊ स्वयंपाकी होता. नागपूरच्या हॉटेलातून तो फ्रान्सला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, दोघं एकदा इथे येऊनही गेले. माय तिला ‘गोरी’ म्हणायची. गोरीला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं, आणि माझं इंग्रजी गिरणीच्या पाटीपुरतं. तो सगळ्यांच्या मधे बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचा. करता करता माय आणि गोरी दोघींनाही गोड वाटेल असं काहीतरी आपल्या पदरचं घालायचा, हे मला तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

एक दिवस तिकडच्याच दवाखान्यात तो वारला. हृदयाचं दुखणं होतं, एवढंच कळलं. नागपूरच्या एका ओळखीच्या माणसासोबत अस्थी आल्या, त्या आम्ही पवनीला वैनगंगेत सोडल्या. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मायनं विचारलं,

“त्याच्या तोंडात पानी कोनं घातलं?”

आमच्याकडे माणूस जायला लागला की घरचं कोणीतरी त्याच्या तोंडात पाणी घालतं. चमचाभर, नाहीतर तुळशीच्या पानानं थेंबभर. बाकीचं राहिलं तर चालतं. हे राहिलं तर माणूस तहानलेलाच गेला, असं माय मानायची. तिचं बाकी सगळं दुःख त्या एका प्रश्नात येऊन बसलं होतं. ताटावर बसली की पाण्याचा लोटा पुढे घ्यायची आणि तशीच बसायची.

मी म्हटलं, मोबाईल बोललेलं फ्रेंचमध्ये उलटवून सांगतो, त्याच्यातून विचारू.

“माह्या पोराच्या मरनाचं मी त्या डबड्याले विचारू? घरच्यानं विचारावं लागते हे.”

घरचा म्हणजे मीच उरलो होतो. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेला.

शिकायला सुरुवात केली तेव्हा पहिल्यांदा पाण्याचाच शब्द शोधला. पाण्याला ते ‘ओ’ म्हणतात. एवढासा शब्द. तहानलेल्या माणसालाही तो म्हणता येईल असं वाटलं, आणि मग मी त्या दिवशी मोटार लवकर बंद केली.

दर रविवारी गोरीला व्हिडिओ फोन लावायचो. जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच जमायचं. ती माझी प्रत्येक चूक शाळेतल्या मास्तरणीसारखी दुरुस्त करायची आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. बायको आतून म्हणायची, “मी वीस वर्षं चुका काढून राहिली, तेव्हा नाही सुधरले!”

उन्हाळ्यात एका रविवारी मी तो प्रश्न विचारला. माय शेजारी बसली होती. वाक्य तुटकं होतं: शेवटी, त्याच्या तोंडात, पाणी, कोणी?

गोरीनं चूक काढली नाही. मग हळूहळू, मला समजावं म्हणून लहान लहान वाक्यांत बोलली. “त्यानं पाणी मागितलं होतं. आदल्या दिवशी, दोनदा. नर्स नाही म्हणाली. मी तिचं ऐकलं. मी नाही दिलं. मग तोंडात नळी होती. मग मला बाहेर थांबवलं.”

मी शिकलो नसतो तर हे मला कधीच कळलं नसतं.

लहान्यासारखं आपल्या पदरचं काही घालावं म्हणून मी मायकडे वळलो. घातलं गं तिनं, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण माय फोनकडे पाहतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“नाही घातलं ना?”

“नाही.”

“मांगत होता?”

मी मान डोलावली. मायनं पदर तोंडाला लावला. गोरी पडद्यात रडत होती, चहा घेऊन आलेली माझी बायको दारातच उभी राहिली. मग माय म्हणाली, “तिले विचार, तिच्या तोंडात पानी घालाले कोन हाये?”

एवढं फ्रेंच मला येत नव्हतं. कसंबसं जुळवून विचारलं. गोरीनं नुसतीच ‘नाही’ अशी मान हलवली. लेकरू नाही, आईबाप नाहीत, हे आम्हाला माहीत होतंच.

“तं मंग म्हन तिले, मराच्या आंधी इकडं ये.”

मी फक्त ‘इकडे ये’ एवढंच सांगितलं. बाकीचं माझ्या धड्यांत आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी भावजयीला कोणी असं बोलावतं का?

त्यानंतर मायनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पण तिचं पाणी तुटत गेलं. घोटभर घ्यायची आणि लोटा बाजूला सारायची. धान कापणीला आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली आणि मळणीच्या आधी गेली. तुळशीच्या पानानं मी पाणी घातलं. अर्धं गालावरून ओघळलं, अर्धं आत गेलं असावं.

घरातली रडारड थोडी निवल्यावर मी गोरीला फोन लावला. माझा चेहरा पाहताच तिला कळलं. तिनं इतकंच विचारलं, “ओ?”

मी म्हणालो, हो, मी घातलं. पूर्ण वाक्य, भूतकाळातलं. त्यात एक चूक झाली, बोलल्याबरोबर माझ्या लक्षात आली.

तिनं ती काढली नाही.