पथ्य

स्वारगेटजवळच्या माझ्या दवाखान्यात तो पहिल्यांदा आला तेव्हा पन्नाशीचा होता. कारकून, बिनलग्नाचा, विश्रांतवाडीला विधवा बहिणीकडे राहणारा. लहान मुलांबद्दल नको ते विचार मनात येतात, हे त्याने भिंतीकडे बघत सांगितलं. अजून काही केलं नव्हतं. करू नये म्हणूनच आला होता. मला किळस आली आणि आदरही वाटला, दोन्ही एकदम.

उपचारांची उद्दिष्टं आम्ही कागदावर लिहिली. विचार आला की माझ्यापासून लपवायचा नाही. मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही. आणि घरातल्या एका माणसाला हे स्पष्ट सांगायचं. या तिसऱ्याला तो घामाघूम झाला. मला दया आली. म्हटलं, मधुमेह्याला साखरेचं असतं तसं हे पथ्य समजा. पुण्यात पथ्य म्हटलं की कारण कुणी विचारत नाही, उलट स्वतःचं एक जास्तीचं सुचवतात. त्या शब्दावर मी फार खूश होते.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, ताईला सांगितलं. मी कागदावर बरोबरची खूण केली. कोणत्या शब्दांत सांगितलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. डोंबलाची डॉक्टर मी.

सहा महिन्यांनी बहिणीचा फोन आला. गरज पडली तर तिच्याशी बोलायची त्याची लेखी परवानगी माझ्याकडे होतीच. भावाची तब्येत सुधारल्याचं कौतुक करून तिने विचारलं, "अहो डॉक्टर, सहा महिन्यांचा कोर्स झाला ना? मग मुलांजवळ न बसायचं पथ्य आता सोडलं तर चालेल? नात आलीये राहायला."

त्याने तिला नुसतं पथ्यच सांगितलं होतं, आणि सहा महिन्यांच्या उपचारांवरून तिला तो क्षय वाटला होता. जे त्याने सांगायचं ते मी सांगितलं, साध्या शब्दांत.

"मी मंडईत आहे," ती म्हणाली. "पोर घरी त्याच्यापाशी आहे."

ती रिक्षाने घरी पोचली तेव्हा नात आत कार्टून बघत होती आणि तो बाहेर जिन्यात बसून होता. तिची पाठ वळताच बाहेर आला होता. हे तिनेच नंतर मला फोनवर सांगितलं, रडत. पण त्या संध्याकाळी तिने त्याची बॅग दाराबाहेर ठेवली.

माझ्याकडेही तो परत आला नाही. मांजरी गावात, नव्या सोसायटीत राहतो म्हणे. तिथे पोरंच पोरं आहेत, आणि त्याच्याबद्दल कुणाला काही माहीत नाही.