खांबाखाली गेलेली रास

समजा, तुम्हाला एका डोंगराला कुंपण घालायचंय. आधी दोरी ताणायची, मग ओळीने खड्डे, खड्ड्यात सिमेंटचे खांब. पण खांब नुसत्या मातीवर उभा राहत नाही, बुडाशी दगड ठासावे लागतात. कुठून आणाल? जवळ दिसतील ते.

नसीरची अर्धी हयात यातच गेली. लोणावळ्यापासून पवनानगरपर्यंत कितीतरी बंगल्यांच्या कुंपणाच्या तारा त्याच्या हातच्या. त्याच्याच गावाचा, औंढ्याच्या वरचा डोंगर विकला गेला, तेव्हा ते कामही त्यालाच मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं तिथे चरत. तो डोंगर कागदावर कुणा एकाचा आहे, हे तार येईपर्यंत कुणाला जाणवलं नव्हतं.

त्या दिवशी धुकं इतकं, की हातातली पहार दिसेना.

"मामा, दगड संपले!" हाताखालचा, परगावचा सत्यम ओरडला.

"मग जवळचे घे की! मावळात दगडाला काय तोटा?"

"तयार ढीगच गावला, मामा. नशीब काढलंत!"

दुपारी धुकं उठलं, तेव्हा खांबांची ओळ पुरी होऊन तारही ताणून झाली होती. शकुबाई गुरं घेऊन तारेशी येऊन थांबली. तिच्या हातात एक दगड होता.

"नसीर, तुज्या आज्याची रास कुटं गेली रं?"

नसीर वळला. वाटेच्या कडेला नुसती काळी, ओली माती.

गावाची गुरं राखणाऱ्या त्याच्या आज्यावर तिथेच वीज पडली होती. दफन खाली कब्रस्तानात झालं, पण त्या जागी येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक दगड ठेवत गेला. नसीरनेही लहानपणापासून ठेवले होते. धुक्यात त्याला वाटलं, रास अजून वर आहे.

"आता म्या ह्यो कुटं ठिवू?"

नसीरने डोंगराच्या नव्या मालकांना फोन लावला. खांब उपटून दगड परत रचतो, मजुरी नको, म्हणाला.

"अहो, खांब हलवायचे नाहीत. माती, दगड, सगळं खरेदीत आलंय."

शकुबाईने दगड एका खांबाशी बाहेरून ठेवला. मग दुसऱ्यांनी दुसऱ्या खांबांशी ठेवले. आजा नेमका कुठल्या खांबाखाली, कुणाला ठाऊक?

वारा सुटला की तार घुमते. कुठलीही तार घुमते, हे नसीरला माहीत आहे. तरी त्या बाजूला गेला की त्याला वाटतं, आजा खांबाखांबाशी उभा आहे, आणि ज्या गुरांना त्याने जन्मभर वर नेलं, त्यांनाच अडवतोय.

डोंगर मालकाचा, कबूल. पण लोकांनी एकेक करून आपल्या हातांनी आणून ठेवलेले ते दगड कुणाचे?