पहिलं बक्षीस कोणालाच नाही

त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी नीलिमाने देवापुढे दिवा लावला की तिचे यजमान शशिधर खांबेटे देवघरातली छोटी पितळी घंटा उचलत आणि टीव्हीसमोरच्या टेबलावर आणून ठेवत. घर बॉनमधलं, निवडणूक ब्रिटनची. पडद्यावर पक्षनेते एकमेकांशी वाद घालत असत. कुणी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलला की शशिधर घंटा वाजवत. नेता बोलतच राही. खालच्या मजल्यावरचे जर्मन शेजारी तेवढे खिडकी लावून घेत.

“अहो, देवाची घंटा आहे ती!”

“देवाला वेळेचं भान आहे, नीलिमा. ह्या लोकांना नाही.”

कॉलेजात असताना सांगलीच्या वक्तृत्व स्पर्धेची फिरती ढाल शशिधरांनी लागोपाठ दोन वर्षं जिंकली होती. आयुष्यात पुढे बरंच काही झालं. लेस्टरला नोकरी लागली, ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, मग बॉनच्या एका टेलिफोन कंपनीत बदली, लग्न, मुलगी, निवृत्ती. पण ह्यातलं काहीही त्यांना त्या ढालीच्या तोडीचं वाटलं नाही. तो पासपोर्ट मात्र त्यांनी पुढे बदलला नाही, आणि ह्या सगळ्याचा परिणाम असा झाला की भारतातलं मतदान नागरिकत्वाबरोबर गेलं, जर्मनीतलं मिळालं नाही आणि देश सोडून फार वर्षं झाली म्हणून ब्रिटनमधलंही सुटलं. तीन देशांच्या राजकारणावर हा माणूस अस्खलित बोले, आणि तिन्हीपैकी एकाही देशाने त्याला काही विचारलेलं नव्हतं.

मग ब्रिटनने नियम बदलला. फार वर्षं परदेशी राहणाऱ्या नागरिकांनाही मत परत मिळालं. बातमी कळली त्या दिवशी शशिधर बराच वेळ ऱ्हाईनच्या काठावर एकटेच फिरले. उतारवयात कुणीतरी आपल्याला पुन्हा विचारतंय, एवढ्यानेच त्यांचे डोळे भरून आले होते. घरी आल्यावर अर्थातच त्यांनी त्याचा दोष नदीकाठच्या वाऱ्यावर ढकलला.

टपालाचा भरवसा नको म्हणून लेस्टरला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, मालिनीला, त्यांनी आपल्या वतीने मतदान करायला नेमलं. तिकडे तशी सोय आहे. “तू फक्त नाव सांग, दादा,” मालिनी म्हणाली, “फुली मी मारते.”

तेवढंच करायचं होतं. नाव सांगायचं.

शशिधर गुण द्यायला बसले. उच्चार, आवाजातले चढउतार, हावभाव, वेळेचं भान, विषयाला धरून बोलणं. एका नेत्याला दवाखान्यातल्या रांगांबद्दल विचारलं, तर त्याने आजीच्या शिवणयंत्राची हकिकत सांगितली. “विषय सोडला,” म्हणून शशिधरांनी त्याला खाली ढकललं. दुसरा प्रत्येक वाक्यानंतर हसायचा, पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्या यजमानासारखा. तिसरीचे हातवारे सुरेख होते, पण प्रश्न कुठलाही असो, ती ओरडायची. चौथा नुसताच कॅमेऱ्याकडे बघून कळकळीने मान हलवायचा. “हा पाठांतर विसरलाय,” शशिधर खात्रीने म्हणाले. “आम्हीसुद्धा असंच करायचो.”

“कर वाढवणार म्हणतोय का कमी करणार?” नीलिमाने विचारलं.

“तो आशय झाला. आशयाला दहाच गुण.”

मुलगी नैना सुट्टीवर आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. बाबांची गुणपत्रिका बघून ती म्हणाली, “आल्झो पापा, त्यांना ढाल नाही द्यायची. देश द्यायचाय.”

“ढालीच्या लायकीचा नाही त्याला देश कसा द्यायचा?” शशिधर उसळले. नैनाने खांदे उडवले आणि चहा ओतून घेतला.

रोज रात्री मालिनीला निरोप जाई. सोमवारी एकाचं नाव, बुधवारी दुसऱ्याचं, शुक्रवारी “थांब, अजून एक फेरी आहे.” मतदानाच्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला.

“दादा, शेजारीण गाडीतून सोडतेय. निघू ना? कोणाला?”

“परीक्षकांचं एकमत होत नाहीये गं.”

“परीक्षक एकच आहे.”

“पहिलं बक्षीस कोणालाच नाही. राखून ठेवायचं. सांगलीत करायचे तसं.”

“इथे राखून ठेवत नाहीत, दादा. कुणीतरी येतोच निवडून. उत्तेजनार्थ तरी सांग!”

“सांगतो. पाच मिनिटं दे.”

गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि फोन बंद झाला. पाच मिनिटांनी शशिधरांनी फोन लावला, पण मालिनी मतदान केंद्रात होती. दहा मिनिटांनी तिनेच उलट फोन केला. “झालं. तुझंही टाकलं.”

“कोणाला?”

“मतदान गुप्त असतं,” मालिनी म्हणाली. “माझंही आणि तुझंही.”

निकाल लागला, सरकार आलं, आणि शशिधरांची पंचाईत झाली. नव्या पंतप्रधानाचं पहिलंच भाषण रटाळ होतं. तोंडाशी आलेला शेरा ते बोलणार, एवढ्यात भाजी निवडता निवडता नीलिमा म्हणाली, “जपून हं. तुमचंच सरकार असायचं.” त्यांनी तोंड मिटलं. हरलेल्यांची टर उडवायला गेले, तर तेही आपलेच असतील अशी धास्ती. बॉनच्या गणपतीत दरवर्षी त्यांच्याभोवती कोंडाळं जमे. त्या वर्षी ते कोपऱ्यात बसून मोदकाची पारी जाड झाल्याचं सांगत राहिले. चाळीस वर्षं सगळ्यांना नापास करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणाला काही बोलता येईना.

दर रविवारी ते मालिनीला विचारत. आडून विचारलं, रागावून विचारलं, एकदा लहानपणीच्या भांडणांची शपथही घातली. ती बधली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी, शशिधरांना दवाखान्यात न्यावं लागलं त्याच्या आदल्या दिवशी, मालिनीच विरघळली. “सांगून टाकू का रे एकदाचं?” ती म्हणाली. “उगाच जिवाला घोर तुझ्या.”

शशिधर फोन घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर बारीक बर्फ पडत होता. नाव कळलं असतं तर ते त्यांच्याच माथी बसलं असतं, न निवडता.

“नको, राहू दे,” ते म्हणाले. “तू जेवलीस का?”