सुपडू मास्तरांचा लाल कोट

सुपडू मास्तर गेल्याचं मला कचेरीत कळलं. एरंडोलहून त्यांच्या धाकट्याचा, रमेशचा, फोन आला. आमच्याकडे फोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर. त्यामुळे ती बातमी साहेबांच्या पुढ्यात उभं राहूनच ऐकावी लागली. "वामनभाऊ, आबा गेले सकाळी. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. साहेबांनी विचारलं, "कोण होते हो तुमचे?" आता काय सांगणार? नातं तर काहीच नव्हतं. म्हटलं, "साहेब, आमचे बँडमास्तर." साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली खरी, पण लग्नाच्या बँडमधल्या माणसासाठी डोळे पुसणारा कारकून त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि कागद पुढे घेतला की नुसतं उकडायला लागतं...

मी त्यांच्या बँडमध्ये चौदा लग्नसराया क्लॅरोनेट वाजवली. नोकरी लागायच्या आधीही आणि लागल्यावरही, रजा टाकटाकून. आम्ही अकरा जण होतो. लाल कोट, बंद गळा, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, खाली पांढरी पँट आणि खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पलटण निघाली! मास्तर मिलिटरीत कधीच नव्हते. धुळ्याला भरतीसाठी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा छाती कमी भरली म्हणून माघारी आले, हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे. "मंग ट्रम्पेट फुंकी फुंकी छाती भरनी, पन तोवर वय गयं!" गावातली टवाळ पोरं त्यांना मागून "मेजरसाहेब" म्हणायची. मास्तर वळून त्यांना कडक सलाम ठोकायचे, आणि पोरं वरमायची.

खान्देशात लग्नं कधी, तर वैशाखात. ज्याने आमचं ऊन पाहिलेलं नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. जळगावात दुपारी रस्त्याचं डांबर बुटाला चिकटून वर येतं. पितळी वाद्याला उघडा हात लागला तर चटका बसतो. अशा उन्हात आम्ही गळ्यापर्यंत हूक लावून, अंगात कोट चढवून दोन-दोन तास चालत वाजवायचो. ऊन लागू नये म्हणून मास्तर प्रत्येकाच्या टोपीत अर्धा कांदा ठेवायला लावत. वऱ्हाडातल्या बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, "बँड वना वं माय, कांदास्ना वास उना!" आणि मास्तरांचा नियम एकच होता, नवरदेव मांडवात पाऊल टाकेपर्यंत गळ्याचं हूक उघडायचं नाही. पाणी प्या, घाम पुसा, मला शिव्या द्या, पण हूक नाही. चैत्र लागला की भर दुपारी ते आम्हाला एरंडोलजवळ पद्मालयाच्या रस्त्यावर कोट घालून कवायतीला न्यायचे. आधीच सवय झालेली बरी म्हणे. शेतातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. त्यांना आम्ही खुळे वाटायचो यात शंका नाही.

मी पहिल्यापासून तोंडाळ. मला त्या कोटाचा मनस्वी राग होता. "मास्तर, लोक गाणं ऐकायला बोलावतात का कोट बघायला?" असं मी दर वर्षी निदान एकदा तरी म्हणायचो. ते कधी चिडले नाहीत. "वामन, तू वाजव रे," एवढंच म्हणायचे. त्यांचे वडील डफ वाजवायचे, हे मला ठाऊक होतं. उघड्या अंगाने, मांडवाच्या बाहेर उभं राहून; आणि सगळ्या पंगती उठल्यावर पत्रावळ मिळायची ती गुरांच्या गोठ्याशी. माझ्या आजोबांचंही तेच. पण मी ते सगळं जुन्या काळात टाकून मोकळा झालो होतो. मी दहावी पास होतो, सरकारी नोकरीत होतो. मला कोटाची गरज नाही, असं माझं पक्कं मत होतं.

मग शिंदखेड्याकडचं ते लग्न आलं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं भली होती. गोरज मुहूर्त होता. पाच वाजता मारुतीच्या पारापासून नवरदेव घोड्यावर निघायचा होता. तिकडे असं मानतात की पारापासून मांडवापर्यंत वाजंत्री मध्येच थांबू नये, थांबली तर अपशकुन. त्या दिवशी ऊन असं होतं की घोडासुद्धा पाय उचलेना. वारा नावाला नाही, आकाशात एका बाजूने मळकट पिवळेपणा. शेवटी नवरीच्या चुलत्याने, आम्ही निघण्याआधीच, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला दयाळू म्हातारा होता, हे मी मुद्दाम सांगतो. म्हणाला, "मास्तर, काढी टाका ना तो कोट. मरशात उन्हमा. तुमना बाप ते उघडा अंगेच वाजाडे आमना दारशी." मास्तर हसले. आवाज जराही न चढवता म्हणाले, "बाप उघडा वाजाडे म्हनीसनच मी कोट घालस, आबा." म्हाताऱ्याने हात काढून घेतला.

मी मात्र ती संधी साधली. यजमानच म्हणतोय तर आपण का मरायचं? सरळ कोट काढला, घडी करून काखेत धरला आणि बनियनवर उभा राहिलो. बनियनला खांद्याशी भोक होतं, त्याचीही मला फिकीर नव्हती. उलट बाकीचे माझं बघून कोट काढतील, असं वाटत होतं. एकानेही काढला नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "तुझी मर्जी, वामन. पण मग लाइनीत नको उभा राहू. बाजूने चाल आणि वाजव." एवढंच. मी घोड्याच्या बाजूने चालायला लागलो. अंगाला हवा लागत होती, मजेत होतो, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या रस्त्यात वादळ आलं. आधी धुळीचा लोट आला, काही दिसेना. कुणाच्या तरी घरावरचा पत्रा उडून गल्लीतून खणखणत गेला. मागोमाग पाऊस, आणि पावसात गारा! लिंबाएवढ्या नसतील, पण बोराएवढ्या खासच. वऱ्हाड ओरडत पांगलं. बाया-पोरं दिसेल त्या ओट्यावर चढली. घोडेवाल्याने लगाम गच्च धरला, कुणीतरी नवरदेवावर घोंगडी धरली. मी क्लॅरोनेट पोटाशी घेऊन जवळच्या ओट्याकडे पळालो. पायरीवर पाय ठेवणार तोच वरून एक तरणा पोरगा हात हलवत ओरडला, "ए वाजंत्री, तू तढे गोठामा जाय! आठे बाया शेतस!" ओट्यावर बाया होत्या खऱ्या, त्याच्या मनात वाईट काही नसेल. त्याला पायरीवर एक भिजलेला, फाटक्या बनियनमधला माणूस दिसला, आणि त्याच्या तोंडून जे आपोआप निघालं ते निघालं... मी पायरीवरून पाय खाली घेतला. गोठ्याकडे दोन पावलं गेलोदेखील. मला त्या पोराचा राग आला नाही, माझाच आला. माझे आजोबा असेच गेले असतील, एवढंच कळत होतं.

आणि तेव्हा माझ्या कानांवर ट्रम्पेट आलं. मागे वळून पाहिलं तर गल्लीच्या मधोमध मास्तर आणि नऊ जण ओळीत उभे. गारा टोप्यांवर ताडताड वाजत होत्या. कोटांचा लाल रंग उतरून पांढऱ्या पँटींवर ओघळत होता. त्या पँटींना साबुदाण्याची खळ घातलेली, ती पाण्याने सुटून गुडघ्याखाली नुसतं बुळबुळीत झालेलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसलो असतो. पण मास्तर डोळे उघडे ठेवून वाजवत होते, गारा तोंडावर घेत, हूक लावलेलं. एकही सूर हलत नव्हता. मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या माणसांची भाषणं ऐकली, मोठमोठे समारंभ पाहिले. पण एखाद्या माणसापुढे आपण उघडे पडलो, आणि तरी त्याच्याकडे बघतच राहावं, असं मला त्याच एका वेळी वाटलं.

मी तो भिजका कोट अंगात घातला. बटणं लागेनात, बोटं गारठली होती. हूक तेवढं लावलं आणि ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वाजवता वाजवता अर्धं पाऊल डावीकडे सरकले, त्यांच्या पाठोपाठ सगळी ओळ सरकली आणि माझी नेहमीची जागा मोकळी झाली. समोरच्या ओट्यावरून नवरीची आजी आम्हा सगळ्यांनाच वर बोलावत होती, "अरे वर या रे भाऊसहोन, बठ्ठा वर या! मरशात!" मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं, तेवढा वेळ बाकीच्यांनी चाल धरून ठेवली. मास्तर म्हणाले, "नवरदेव मांडवमा जावू दे माय, मंग येतस आम्ही." आणि आम्ही निघालो. चिखलातून, गारा तुडवत, घोडा मागे आणि आम्ही पुढे. मांडव अर्धा कोसळला होता. लग्न घराच्या पडवीत लागलं. पहिल्या पंगतीत त्याच चुलत्याने मास्तरांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. आम्ही ओळीने बसलो, कोटांतून पाणी गळत होतं आणि पाटांखाली लाल थारोळी झाली होती. मला वरण-बट्टी वाढली ती त्याच पोराने, आणि म्हणाला, "घ्या ना भाऊ, आजून घ्या." परतीच्या गाडीत मी बोलायला तोंड उघडलं, तर मास्तर म्हणाले, "पँट घरी गेल्याबरोबर धुवा रे, नाही तर मुंग्या लागतील." त्या दिवसाबद्दल ते पुढे कधीही बोलले नाहीत. मी कोटाबद्दल कुरकुर करणं मात्र सोडलं नाही. स्वभावाला औषध नसतं.

पुढे मोठमोठे कर्णे लावलेल्या गाड्या आल्या, कॅसेटी आल्या आणि आम्ही घरी बसलो. मास्तरांनी वाद्यं एका नवीन बँडला देऊन टाकली. मी जळगावला, ते एरंडोलला. दोन-तीन महिन्यांतून भेट व्हायची. "काय रे, अजून भांडतोस का साहेबाशी?" हे ठरलेलं. मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा ऐकू कमी येत होतं. मी मोठ्याने बोललो तर म्हणाले, "सुरात बोल, मग ऐकू येईल."

मास्तरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळं आटोपल्यावर अक्कांनी, मास्तरांच्या बायकोने, मला आत बोलावलं. पत्र्याची मोठी पेटी उघडून ठेवली होती. अकराही कोट त्यात होते, डांबरगोळ्या टाकून ठेवलेले. गावातल्या शाळेला मुलांचं बँडपथक काढायचं आहे, हे कोट कापून मुलांच्या मापाचे करून घेतील, तेवढे तू पोचव, असं त्या म्हणाल्या. मास्तरांचंच तसं सांगणं होतं. मी एकेक कोट बाहेर काढत गेलो. एका हाताने उचलत होतो, खाली ठेवत होतो. दहा झाले. अकराव्याला हात घातला आणि तो उचलेना. म्हणजे उचलला, पण मनगट खाली गेलं. मला वाटलं, खिशात काही राहिलं असेल. खिसे रिकामे होते. आतून उलटा करून पाहिला तर जाड घोंगडीसारखं गरम कापड, त्याला आतून अस्तर, खांद्यात कापसाच्या गाद्या. आमच्या कोटांना अस्तर नव्हतंच. साधं सुती कापड, काखेत शिंप्याने हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या फटी. त्या फटींना मी चौदा वर्षं शिवणाचा गबाळेपणा म्हणून नावं ठेवत आलो होतो.

"अक्का, हा कुणाचा?"

"त्यास्नाच," अक्का म्हणाल्या. "कापड दहा कोटनंच भरनं. मंग धुळाना बाजारमाईन मिलिटरीना जुना कोट इकत लिधा, हिवाळाना. त्यालेच लाल रंग दिधा. मी कितला डाव म्हने, एक हलका शिवी ल्या आपलासाठे. ते म्हनेत, र्‍हाऊ दे. पोरेस्ले ऊन लागस."

पोरं म्हणजे आम्ही. तिशी-पस्तिशीचे बापे, कुटुंबकबिल्याचे. त्यातला सगळ्यात तोंडाळ मी.

अक्का चहा ठेवायला गेल्या. दुपारचा एक वाजला असेल, पत्र्याचं घर, वैशाख. मी तो कोट अंगात घातला. मला ढगळ झाला. बटणं लावली, मग गळ्याचं हूक लावलं आणि बाहेर गल्लीत आलो. कोपऱ्यावरच्या पाणपोईपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच मनात होतं. शंभर पावलंही नसतील. मी पाणपोईपर्यंत पोचलो नाही. मध्येच एका भिंतीला हात टेकून उभा राहिलो, डोकं गरगरायला लागलं होतं आणि श्वास पुरत नव्हता. आणि मला तर काही वाजवायचंही नव्हतं...

रमेश धावत आला. "भाऊ, हूक उघडा, हूक उघडा आधी," म्हणत त्याने गळ्याशी हात घातला. मी त्याचा हात धरून बाजूला केला आणि तसाच वळून, भिंतीच्या आधाराने, घरापर्यंत चालत आलो.